अनसिंगच्या वाटेवर तेलाचा लाल दिवा

रिसोडहून निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. जीपच्या मागच्या भागात, सतरंजीच्या घडीवर, लक्ष्मीनारायणाची संगमरवरी मूर्ती विराजमान होती. अनसिंगला माझी थोरली बहीण अक्का तिची वाट पाहत होती. वय अठ्ठ्याहत्तर, आणि स्थापना होईपर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याचा तिचा संकल्प. मुहूर्त बाराच्या आत होता. वाट दोन तासांची.

जीप जुनी, परंतु तिचे इंजिन सुदाम मिस्त्रीने नुकतेच उतरवून पुन्हा बांधले होते. वरचे झाकण बसण्यापूर्वी मी त्या उघड्या इंजिनाची यथासांग पूजा केली होती. "गुरुजी, आधी झाकण लावतो, मंग करा पूजा," असे तो म्हणाला होता. मी त्याला बाजूला उभे केले. पूजा यंत्राची करायची असते, झाकणाची नव्हे.

वाशीम मागे पडले. सोयाबीन निघून गेलेली काळी शेते, मधूनच तुरीची फुललेली ओळ. मी स्तोत्र म्हणत होतो, आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला. वेग वाढवला की विझे, कमी केला की पेटे. तसाच काही अंतर गेलो. मग इंजिनातून खडखड ऐकू आली, तेव्हा एका वांग्याच्या मळ्यापाशी थांबलो.

इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून पाहिली; तेल खुणेपर्यंत होते. मग दोष कोणाचा, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. सुदामला दूरध्वनी लावला आणि आयुष्यात कधी उच्चारले नव्हते ते शब्द उच्चारले. त्याला विश्वासघातकी म्हटले.

"बोलाचं थे बोला, गुरुजी," तो म्हणाला, "पण गाडी चालू नका करू. सेल्फ बी मारू नका. मी येऊन राह्यलो."

मळ्याच्या मालकीण यमुनाबाई वांगी तोडता तोडता सारे ऐकत होत्या. "कोनावर तापले महाराज एवढे? माहे वांगे उभ्यानं भाजतील!" मग त्यांनी उपाय सुचवला. "आमचा टेम्पो अनसिंगलेच चालला. देवाले त्याच्यात ठिवा."

संकल्पपूर्वक बसवलेली मूर्ती वाटेत हलवत नाहीत, असे मी तीव्र स्वरात सांगितले.

"काहून? देवाले वांग्याचा वास येते काय?"

टेम्पो निघून गेला. यमुनाबाईंनी कळण्याची भाकर (ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा पुढे ठेवला, पण मी ते तसेच झाकून ठेवले. अक्काला फोन केला. तिचा आवाज कोरडा पडला होता. "येशील तेव्हा ये रे. मी बसली आहे." हा आवाज मला सुदामला ऐकवायचा होता.

तो अकराला मोटारसायकलवरून आला. पाठीवर हत्यारांची पिशवी, पुढे तेलाचा डबा. "दिवा कधी कधी खोटं बोलते," म्हणत त्याने इंजिनावरचे दिव्याचे बटण काढून तेथे तेलाचा दाब मोजण्याचे घड्याळ जोडले आणि इंजिन क्षणभर चालवले. काटा जेमतेम हलला.

"दिवा खरं बोलून राह्यला."

"आणि तुम्ही?" मी विचारले.

तो गाडीखाली सरकला. यमुनाबाईंच्या घमेल्यात तेल उतरवले, मग इंजिनाचे खालचे चेंबर सोडवले. मी वरून बोलतच होतो. हाताला यश नसेल तर हत्यार खाली ठेवावे, एका वृद्धेची तहान तुमच्या माथी आहे, असे कितीतरी. रस्त्यावर माणसे जमली होती, त्यांनीही ऐकले.

सुदाम बाहेर आला. त्याच्या तळहातावर तेल खेचणाऱ्या नळीची जाळी होती. तिच्या छिद्राछिद्रांत झेंडूच्या पाकळ्या आणि तांदूळ चिकटले होते. काही दाण्यांवरचे कुंकू अजून दिसत होते.

यमुनाबाई वाकल्या. "अवं बाई! इंजनात पुलाव?"

माणसे हसली. सुदाम हसला नाही. "देवाले वाहाचं असते, गुरुजी. इंजनाले कायले वाह्यलं?"

पूजेच्या वेळी झाकण हातात धरून बाजूला उभा असलेला तो मला आता दिसला. क्रोध तसूभरही उतरला नव्हता. त्याला आता माझ्यावाचून जागा नव्हती.

जाळी डिझेलने धुतली गेली, चेंबर बसले, नवे तेल पडले. काटा वर चढला. सुदाम कान लावून उभा राहिला. "वाचलं. आनखी कोसभर चालवली असती त शाफ्ट गेला असता." खडखड पुन्हा होते का हे ऐकण्यासाठी तो मागोमाग आला.

अनसिंगला पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढचा मुहूर्त गोधुलीचा. अक्का ओट्याला टेकून बसली होती. ओठांना भेगा पडलेल्या. "मिस्त्रीनं घात केला म्हनते न?" भाच्याने विचारले; सकाळी फोनवर मीच तसे सांगितले होते. सुदामने मान खाली घातली.

"घात मी केला," मी म्हणालो, आणि सर्वांदेखत सारे सांगितले.

अक्काने सुदामला खुणेने जवळ बोलावले. "जेवला का रे तू?" एवढेच तिने विचारले. सूर्यास्ती मूर्ती स्थापन झाली. तिने पहिला घोट घेतला, आणि कोरड्या घशामुळे तो तिला लगेच गिळता आला नाही, हे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी परतताना दिवा एकदाही लागला नाही. मी मात्र वाटभर त्याच्याकडेच पाहत होतो. साठ वर्षांच्या पूजेत देवाचे ऐकण्याची सवय लागली. झाकण धरून उभ्या असलेल्या माणसाचे ऐकण्याची लागली नाही. रिसोडला गॅरेजसमोर उतरलो आणि सुदामच्या कारागिरांसमोर माझे सर्व शब्द एकेक करून मागे घेतले.

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "आज निघताना तेल पाह्यलं होतं का, गुरुजी?"

मी पाहिले नव्हते.