सॅकचं बकल

दादाला सामानाचं वेड लागलं ते हृदयात स्टेंट बसवल्यानंतर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अशोका गार्डन वस्तीतल्या गल्ल्यांमधून दोन आठवडे चालून तो कंटाळला आणि म्हणाला, "मला जंगलात चालायचंय." मग घरी खोकी यायला लागली. बूट, पाठीवरची मोठी सॅक, पाणी भरायची नळीवाली पिशवी, घडीचा स्टोव्ह, डासांची टोपी. वहिनी दार उघडून खोकं घ्यायची आणि मला फोन लावायची.

"तुझ्या भावाला वाटतं, हे सगळं घातलं की तो पंचवीस वर्षांचा होतो."

आमच्या लहानपणी शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे, तरुणपणी शिकारी होते. त्यांच्या ओट्यावर बसून दादाने पावलांचे ठसे, झाडावरचे ओरखडे, विष्ठेवरून जनावर ओळखणं, हे सगळं ऐकलेलं. शिकार बंद झाली ते बरंच झालं, पण माग काढायची खाज त्याच्या अंगात तेव्हापासून होती. जंगल खात्याला प्राण्यांच्या खुणा मोजायला स्वयंसेवक हवेत असं कळल्यावर त्याने स्वतःबरोबर माझंही नाव देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

मी नाही म्हणू शकले असते. पण त्या दिवसांत मला घरात बसवत नव्हतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, नवऱ्याची बदली जबलपूरला. कोटऱ्यातल्या आमच्या घरात मी एकटी या खोलीतून त्या खोलीत फिरत असे. धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे. आणि या बेचैनीला आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मंडीदीपच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. आम्ही बॅगांना लागणारी बकलं, कड्या, अडकवायचे हुक बनवतो. माल बाहेर जाण्याआधी त्यातले काही नमुने मी यंत्रात ताणून तोडते. ठरलेल्या ताकदीच्या आत तुटले तर सगळा माल अडवायचा. बकल साच्यातून निघतं तेव्हा त्याच्या बाजूला जो फालतू तुकडा उरतो, त्याचा चुरा करून प्लॅस्टिकच्या नव्या दाण्यांत थोडा मिसळायची पद्धत आहे. थोडा चालतो. जास्त झाला की बकल दिसायला तसंच, पण ठिसूळ. पावसाळ्यानंतर नव्या दाण्यांची टंचाई झाली आणि चुरा वाढला. माझे नमुने काठावर आले. काही पास, काही नापास.

प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, गाड़ी लगी है गेट पे. दुबारा सॅम्पल ले लीजिए."

मी दुसरे नमुने घेतले. ते पास झाले. पहिल्यांची नोंद मी केली नाही. सही केली, गाडी गेली. त्यानंतर जेवताना, बसमध्ये, टीव्हीसमोर, मला सारखं उठावंसं वाटायचं, कुठे जायचं ते मात्र ठाऊक नसायचं. म्हणून मी दादाबरोबर गेले.

तीन दिवसांचं काम होतं. आमच्या वाटेला आलेला नाकेदार, म्हणजे त्या भागाचा वनरक्षक, पन्नाशीचा, बारीक आणि कमी बोलणारा. त्याने दादाच्या सामानाकडे एकदा पाहिलं आणि आपली लाठी या हातातून त्या हातात घेतली.

पहिल्या सकाळी साडेसहाला निघालो. साग, तेंदू, मधूनमधून खडकाचे सपाट तुकडे. तासाभरात दादाच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला. आधी नुसता फटफट आवाज, मग मगरीने जबडा वासावा तसा. बूट कोरे करकरीत होते, पण दुकानात वर्षानुवर्षं पडून गोंद वाळला असणार. नाकेदाराने खिशातून सुतळी काढली आणि बूट बांधून दिला.

"आपके जूते ठीक हैं?" मी त्याला विचारलं.

त्याने पाय उचलून दाखवला. खात्याने दिलेला बूट टाचेकडून फाटलेला, आतून रबराचा तुकडा चिकटवलेला. "सबके ऐसे ही हैं, मैडम."

दहा वाजता दादाची पाठ ओली दिसली. मला वाटलं घाम. ती पाण्याची पिशवी होती, नळीच्या बुडाशी गळत होती. अर्धं पाणी त्याच्या कपड्यांनी प्यायलं होतं, उरलेल्याला नव्या प्लॅस्टिकचा वास. दुपारी चहा करायला स्टोव्ह काढला तर त्याची ठिणगी पडेना. दादा बटण दाबत राहिला, वीस वेळा, तीस वेळा. शेवटी नाकेदाराच्या काडीपेटीतली शेवटून दुसरी काडी पेटली. आम्ही हसलो, पण दादाचा चेहरा पडला होता.

"सगळं चांगलं बघून घेतलं होतं गं," तो म्हणाला. "एकेकाचे शंभर-शंभर अभिप्राय वाचले."

मला त्याची कीव आली आणि रागही. मला बसायचं नव्हतं. मी चहा उभ्यानेच प्यायले आणि म्हणाले, "चला, निघू या." त्या दिवशी मी दोघांच्याही पुढे चालले, इतकी की नाकेदाराला मला दोनदा हाक मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र नशीब उघडलं असं वाटलं. वाळलेल्या नाल्याच्या वाळूत बिबट्याचा माग मिळाला. दादा गुडघ्यांवर बसला. बोटांनी ठशाच्या भोवती हवेत रेघ काढत म्हणाला, "मागचा पाय. बघ, पुढच्याच्या वर पडलाय. हळू चालला होता." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. नाकेदारानेही पहिल्यांदा त्याच्याकडे मानाने पाहिलं. "साहब को आता है," तो मला म्हणाला.

माग पलीकडच्या उतारावरून खाली जात होता. उतार सैल दगडांचा. नाकेदार पुढे, मध्ये दादा, मागे मी. दादाने सॅकचा कंबरपट्टा आवळून लावला होता. निम्म्यावर त्याने एका मोठ्या दगडावरून पाय खाली टाकला आणि मला आवाज आला. कट्. सुपारी फुटावी तसा छोटा, कोरडा आवाज. तो आवाज मी रोज ऐकते. त्याच्या कमरेचं बकल होतं ते.

सॅक एका बाजूला फेकली गेली आणि तिच्याबरोबर दादा. दोन पलट्या खाऊन तो एका दगडाला अडकला. मी कशी उतरले आठवत नाही. तो शुद्धीवर होता, हातपाय हलत होते, पण डाव्या नडगीवर बोटभर लांब जखम होती आणि रक्त थांबत नव्हतं. स्टेंटमुळे तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो. हे मला त्या क्षणी आठवलं.

प्रथमोपचाराची पेटी उघडली. पट्ट्यांचा चिकटपणा गेला होता. पट्टी लावली की सरकत होती. मी माझी ओढणी घडी करून जखमेवर दाबली.

नाकेदाराने वायरलेस काढला. नुसती खरखर. "ऊपर जाना पड़ेगा," तो म्हणाला. "मैडम, छोड़ना मत, दबा के रखना." आणि तो फाटक्या बुटांनी उतार चढून गेला.

आम्ही दोघंच उरलो. किती वेळ, पाऊण तास असेल. मला हलता येत नव्हतं. दोन्ही हात त्याच्या पायावर, आणि माझ्या अंगातलं सगळं काही उठून पळायला बघत होतं. ओढणी ओली होत गेली.

"तुझ्या वहिनीला सांगू नकोस," दादा म्हणाला.

"गप्प बस. छातीत काही होतंय का?"

"नाही. पाय जड वाटतोय. अगं, माग पुसला गेला असेल ना माझ्या पडण्याने?"

"दादा, तुला मागाचं पडलंय?"

"मग कशाचं पडायला हवं?" तो हसायला गेला आणि ओठ चावून थांबला.

माझ्या गुडघ्याशी बकलाचा अर्धा तुकडा पडला होता. मी एक हात न सोडता दुसऱ्याने तो उचलला आणि उलटा केला. बकलाच्या आतल्या बाजूला साच्याची खूण असते. वापरणाऱ्याच्या कधी नजरेला पडत नाही. ते कुठल्या साच्यातल्या कुठल्या खाचेतून निघालं त्याचा आकडा, आणि शेजारी घड्याळासारखं बारीक वर्तुळ, त्यात महिन्याकडे रोखलेला बाण. आकडा आमच्या साच्याचा होता. बाण पावसाळ्यानंतरच्या त्याच महिन्याकडे होता.

"काय बघतेयस?" दादाने विचारलं.

"काही नाही. तुकडा आहे."

मी तो कमरेला खोचला आणि पुन्हा दोन्ही हातांनी दाबायला लागले. त्याच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

नाकेदार परत आला तेव्हा धापा टाकत होता. जीप वरच्या वाटेपर्यंत येणार होती. त्याने आणि मी दादाला दोन्हीकडून धरून चढवलं. मध्ये त्याची लाठी दादाच्या वजनाने मधोमध फाटली. नाकेदाराने ती टाकून दिली आणि दादाचा हात स्वतःच्या मानेभोवती घेतला. दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दाबून धरलंत म्हणून बरं, नाहीतर अवघड होतं. वहिनी आली, मला मिठी मारून रडली आणि म्हणाली, "तू होतीस म्हणून वाचला तो." 

सोमवारी कारखान्यात जाऊन त्या मालाचे राखून ठेवलेले नमुने मी कपाटातून काढले. दहा ताणले. चार ठरलेल्या ताकदीच्या आत तुटले. या वेळी सगळ्यांची नोंद केली, तुटका तुकडा भावाच्या सॅकचा असं लिहून पाकिटात घालून जोडला, आणि मी आधी काय केलं होतं तेही लिहिलं. मॅनेजरांनी कागद वाचून चष्मा काढला.

"मॅडम, आप अपने ही पाँव पे कुल्हाड़ी मार रही हैं. एक बकल टूटा, किसी को पता भी नहीं."

"मुझे पता है, सर."

"आपके भाई बता देंगे क्या किसी को?"

"भाई को अभी मैंने ही नहीं बताया."

गोदामातला उरलेला माल अडवला गेला. गिऱ्हाइकाला कळवलं, थोडा माल परत आला. बाकीचा शिवून, विकून, लोकांच्या पाठीवर गेला होता. मला ताकीद मिळाली, लेखी, आणि अंतिम तपासणीतून काढून कच्च्या मालाच्या टेबलावर बसवलं. त्याबद्दल मला तक्रार नाही. चुरा किती मिसळायचा याचा कागद आता यंत्राशेजारी भिंतीवर लावलाय, त्यावर पाळीच्या सुपरवायझरला रोज सही करावी लागते. एवढं झालं.

दादाला सांगायला मला अजून बारा दिवस लागले. अशोका गार्डनला त्याच्या घरी गेले तेव्हा तो पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.  मागे रेल्वेलाइनवरून मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत तो थांबला.

"तिथे उतारावर तुकडा हातात होता तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तर म्हणालीस, काही नाही."

"हो."

"चुकीची सही केलीस, ते मी समजू शकतो. नोकरीत मीही काही सह्या केल्यात. पण माझा पाय हातात धरून खोटं बोललीस."

मला वाटलं होतं तो हसेल, किंवा मला जवळ घेईल. त्याने पेपर पुन्हा उघडला. वहिनीने आतून चहा आणला, आमची तोंडं पाहिली आणि कप ठेवून परत गेली. मी चहा न पिताच निघाले. त्यानंतर महिनाभर त्याने माझा फोन घेतला नाही.

मग एका रविवारी त्यानेच केला. हॅलो नाही, काही नाही. "त्यातली किती बाहेर आहेत अजून?" त्याने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. बरीच."

"शाळेच्या दप्तरांनाही लागतात का ती?"

"लागतात. तिथे धोका नसतो फारसा. पट्टा सुटतो, एवढंच. पण लहान मूल छातीशी बांधायच्या पट्ट्यांनाही लागतात काही ठिकाणी."

  तो म्हणाला, "आकडा काय होता सांग. मी बघत जाईन."

हे त्याने का विचारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माफी होती की शिक्षा, कोण जाणे. पण त्या दिवसापासून आम्ही दोघंही बघतो. तो डोळे अधू झाल्याने चष्मा सरकवून, दुकानात टांगलेल्या बॅगा उलट्या करून. दुकानदार वैतागतात. मी कंपनीच्या बसमध्ये, बाजारात.

गेल्या आठवड्यात मंडीदीपच्या थांब्यावर एक तरुण बाई उभी होती. छातीशी पट्ट्यांनी बाळ बांधलेलं, हातात दोन पिशव्या. पाठीवरचं बकल मला मागून दिसत होतं. आमच्याच नमुन्याचं. मी दोन पावलं पुढे गेले, थांबले, पुन्हा गेले.

"बेटा, एक मिनट. तुम्हारा ये बकल देख सकती हूँ?"

तिने दचकून बाळावर हात ठेवला. "क्यों आंटी?"

काय सांगणार होते मी? "मैं इन्हीं का काम करती हूँ," एवढंच म्हणाले. "पुराना हो तो टूटता है."

तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पाठ माझ्याकडे केली. मी बाजूने एक हात पुढे नेऊन बाळाच्या बुडाखाली धरला आणि दुसऱ्याने बकल सोडवून आतली बाजू उन्हाकडे केली. आकडा वेगळा होता. बाणही वेगळ्या महिन्याचा. मी ते पुन्हा लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

"ठीक है?" तिने विचारलं.

"ठीक है," मी म्हणाले.

तिची बस आली आणि ती चढली. माझीही येऊन उभी राहिली होती, पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत मी तिथेच उभी होते, रस्त्यापलीकडून येणाऱ्यांच्या पाठी बघत.