जाळीतलं भोक

ओरेस्ट पाव्हलिक गेला, तेव्हा त्याच्यावर चार शब्द बोलायला गावाने मलाच, लेन फोटोवाल्याला, उभं केलं. गावात कॅमेरा माझ्याकडे, म्हणजे शब्दही माझ्याकडेच असणार, असा आमच्या लोकांचा समज. मी गोड गोड बोललो. जे बोललो नाही ते इथे लिहितो.

ओरेस्ट आमच्या आईस हॉकीच्या मैदानावरचा, म्हणजे रिंकवरचा, बर्फ सांभाळायचा. कडाक्याच्या थंडीत गरम पाण्याचं पिंप ओढत थरावर थर चढवायचा. कुणी खेळाडू कुरकुरला की म्हणायचा, "पडलास तुझ्या पायांनी, आणि दोष माझ्या बर्फाला?" दरवर्षी संघाच्या फोटोत उजव्या टोकाला तो फावडं घेऊन ऐटीत उभा राहायचा. चकती प्रेक्षकांना लागू नये म्हणून गोलमागे लावलेल्या कोंबडीजाळीला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे.

मला ती जाळीच खपत नव्हती. माझ्या फोटोंत सगळे वीर खुराड्यात कोंडल्यासारखे दिसायचे. म्हणून अठ्ठावन्नच्या अंतिम सामन्याआधी मी पक्कड घेऊन गुपचूप लेन्सपुरतं भोक पाडलं. सामना संपला की तारेने बुजवायचं, असं ठरवलं होतं.

शेवटच्या मिनिटाला ओरेस्टच्याच मुलाने, मायरोने, गोल मारला. फोटो असा मिळाला की भोक, तार सगळं विसरून मी डार्करूमकडे पळालो. दुसऱ्या दिवशी सरावात रबराची चकती त्याच भोकातून सुटली आणि शाळेच्या डॉयलबाईंच्या गालावर बसली. अकरा टाके पडले. जाळीकडे लक्ष दिलं नाही म्हणून समितीने ओरेस्टला काढून टाकलं. त्या बैठकीत मी मिठाची गुळणी धरून बसलो. वर बाहेर आल्यावर त्याचा हात हातात घेऊन "वाईट झालं रे" म्हणालो. आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

तो धान्याच्या कोठारात कामाला लागला आणि तिथल्या धुळीने खोकत राहिला. मी काढलेला त्या गोलाचा फोटो मात्र घरोघरी लागला.

गेल्या हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं, तेव्हा भेटायला गेलो. उशाशी तोच फोटो होता. मी एका दमात सांगून टाकलं, "ओरेस्ट, ते भोक मी पाडलं होतं."

"ठाऊक आहे. ह्या फोटोत जाळी कुठंय, लेन?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर लोकांनी फोटो भिंतीवरून काढला असता." त्याला खोकल्याची उबळ आली. "पोराने जन्मात तो एकच गोल मारलाय."

घरी येऊन मी अठ्ठावन्नचा संघाचा फोटो शोधला; तो ओरेस्टला कामावरून काढल्यानंतर घेतलेला. त्यात उजव्या टोकाला ओरेस्ट नाही. जागा रिकामी दिसू नये म्हणून पोरांना "जरा सरका तिकडे" असं मीच म्हणालो होतो.