पटातली डिझेल गाडी

जळक्या डिझेलचा वास आला का मले मोहाडीचा तो फुशारकीखोर शेठ आठवते. त्यानं धान-मिलचं जुनं इंजिन आपल्या अँबेसेडरमंधी बसवलं अन् शंकरपटात, बैलायच्या शर्यतीत, सगळ्यायसमोर कोंढा गावच्या म्हाताऱ्या कास्तकाराले म्हने, "तुह्या बैलायनं हरवलं तं गाडी तुही." मी शर्यत सुटते त्या दोरीजवळच उभा होतो. झेंडी पडली, बैलं धुरळा उडवत पार गेले, अन् गाडी काळा धूर सोडत जागीच थरथरून राहिली होती, जड इंजिनानं समोरचे चाकं मातीत रुतले होते. शेठनं तरीबी हसत, ऐटीत किल्ली समोर केली. म्हातारा म्हने, "राहू द्या शेठ, गोठ्यात ठेवली तं माहे बैल बिचकतीन." तवा शेठचं तोंड उतरलं. मले अजूनबी त्याची कीव येत नाई.