तुरीच्या डाळीचा डबा

माझ्या थोरल्या मामांइतका भित्रा माणूस त्या काळी अख्ख्या सोलापुरात नव्हता, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूसही नव्हता. या दोन गोष्टी एकाच कोटात कशा मावत होत्या हे त्यांच्या घरी राहूनही मला कधी नीट उलगडलं नाही. मी तेव्हा नुकताच मास्तर म्हणून शाळेत लागलो होतो आणि पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत माझी वळकटी टाकली होती. मामा सरकारी कचेरीत कारकून. साहेबाची बग्गी रस्त्याने आली की हे छत्री मिटून गटाराच्या कडेला उभे राहत, मग बग्गीत साहेब असो वा नुसता साहेबाचा कुत्रा. कचेरीतून लखोटा आला तर आधी टोपी घालत आणि मग तो उभ्याने वाचत. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "अहो, यांना भाजी आवडली नाही तरी बोलवत नाही," मामी शेजारणींना सांगायची, "गुपचूप लोणच्याखाली ढकलतात." त्या वर्षी कचेरीतला हेडकारकून निवृत्त व्हायचा होता आणि त्याच्या खुर्चीवर मामांचा हक्क होता. मामीने तर मनातल्या मनात मोठं बिऱ्हाडही बघून ठेवलं होतं.

हा सगळा भित्रेपणा रिकाम्या डब्यापाशी येऊन मात्र संपायचा. ज्याला झाकण आहे ते टाकायचं नाही, हे मामांचं पहिलं तत्त्व. आणि एकदा चिकटवलेला कागद सोलायचा नाही, हे दुसरं. तिसरं तत्त्व त्यांना नव्हतं; कधी गरजही पडली नाही. आमच्या डॉक्टरांच्या कपाटावर विलायती बिस्किटांचा एक देखणा डबा होता, त्यात ते कापूस ठेवत. तो डबा दिसल्यापासून दर रविवारी मामांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी चूर्ण दिलं, काढा दिला, लंघन सांगितलं. शेवटी एका रविवारी मामांची नजर कुठे खिळली आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कापूस काढून डबा मामांच्या हातात ठेवला आणि पोटदुखी त्याच दिवशी थांबली.

डबा घरी आला तरी स्वयंपाकघरात लगेच जाऊ शकत नसे. मामी उंबऱ्यातच आडवी होई. "बिस्किटांत अंडं असतं म्हणे. माझ्या चुलीजवळ ते आणायचं नाही." मग मामा त्या डब्याला चिंच आणि राख लावून न्हाऊ घालत, सोलापूरच्या उन्हात चांगला तापवत आणि अंगभर खळ फासून त्याला कागद नेसवत. झाकण लावून झालं की गंभीरपणे म्हणत, "मुंज झाली याची. आता पूर्वायुष्य विचारायचं नाही." आमच्या फळीवर अशी मुंज झालेले डबे ओळीने बसलेले असत. कुणी आधी बिस्किटांचा, कुणी सिगारेटींचा, कुणी रॉकेलचा. पूर्वायुष्य विचारायची सोय नव्हतीच.

खळ हा स्वतंत्र विषय होता. शेजारी तेलुगू विणकराचं घर होतं. मागावर चढवायच्या सुताला ते गंजी लावत, तिची रीत मामांनी पुष्कळ आर्जवं करून शिकून घेतली होती, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात स्वतःच्या अकलेने मोरचूद घातला होता. घरात ज्वारीचं पीठ आलं की आधी खळ आणि मग भाकरी असा क्रम असे. कागदांचं तर विचारू नका. गिरणीच्या कापडावर येणारी रंगीत चित्रं, उदबत्तीची वेष्टनं, लग्नाच्या पत्रिका, संक्रांतीला तारांत अडकून फाटलेले पतंग, काही वर्ज्य नव्हतं. मिठाच्या डब्यावर कुणा अनोळखी जोडप्याचं अर्धं लग्न होतं. मुहूर्त होता, वर होता, वधू कात्रीत गेली होती. आणि डब्यावरचं चित्र आतल्या जिनसाशी कधी जुळू द्यायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष. त्यामुळे आंब्याच्या चित्राच्या डब्यात हिंग असे आणि साखर वाघाच्या डब्यात. मी एकदा कारण विचारलं. "मुंग्यांना कळतं रे," ते दबक्या आवाजात म्हणाले, जणू मुंग्या कचेरीतूनच आल्या होत्या.

या सगळ्यांत थोरला होता तुरीच्या डाळीचा डबा. मूळचा रॉकेलचा. त्याला मामांनी पतंगांचा कागद लावला होता. वर पांढरा पट्टा, मधे हिरवा, खाली लाल, आणि बरोब्बर मध्यावर धोतरजोडीवर आलेल्या चित्रातून कातरलेलं रथाचं चाक. त्या वेळी लोक स्वराज्याचा जो झेंडा घेऊन मिरवणुकीत फिरत त्याचे रंग हेच, याच क्रमाने, मधे चरखा. वर्ष-दीड वर्ष तो डबा खिडकीजवळ सुखाने बसला होता आणि त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

मग शहरात लष्करी कायदा आला. शाळा बंद झाल्या, चौकाचौकांत गोरे सोल्जर उभे राहिले, नुसत्या पांढऱ्या टोपीसाठी माणसं धरून नेऊ लागले. मामांचा चेहरा पिठासारखा झाला. मामीची नजर त्या डब्यावर पडली आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला. "एवढा कागद काढा," ती म्हणाली. मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. एके दुपारी ते कचेरीत असताना तिने स्वतःच कढत पाणी आणि उलथनं घेऊन डब्याशी झुंज दिली. उलथनं वाकलं, पण कागदाचा टवका निघाला नाही. शेवटी तिने डब्यावर गोणपाट टाकलं.

झाकलेली वस्तू पोलिसाला आधी दिसते. पत्रकं वाटणाऱ्या पोरांचा माग काढत एक हवालदार घरोघर फिरत होता. तो आमच्याकडे आला तेव्हा सुट्टीचा दिवस होता. मामा, मामी, मी, तिघंही घरात. त्याने सरळ गोणपाट उचललं.

"भाऊसाहेब, ह्यो काय परकार हाय?"

"डबा आहे. तुरीच्या डाळीचा." मामा म्हणाले.

"डाळ आत हाय की. भाईर काय हाय?"

"पतंगाचा कागद."

"आन् ह्ये चाक?"

"धोतरजोडीवरचं."

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने दाराबाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सरकारी मानूस हाय तुमी. कागद खरवडून टाका माज्याम्होरं. म्या काय बगितलंच न्हाई." मामीने वाकडं उलथनं धावत आणून मामांच्या हातात दिलं. मामांनी ते धरलं. त्यांचा हात इतका कापत होता की उलथनं डब्यावर टकटक वाजलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"नाही," मामा म्हणाले.

मला वाटलं, दुसरंच कुणी बोललं.

"नोकरी जाईल की, भाऊसाहेब."

"जाईल. चिकटवलेला कागद मी सोलत नाही. डबा न्यायचा तर न्या. डाळ तेवढी काढून देतो."

मामीने डोळ्याला पदर लावला, तो तसाच पुढे करावा लागला, कारण मामांनी डाळ तिच्या पदरातच ओतली. हवालदाराने चडफडत डबा खांद्यावर घेतला आणि तो भर रस्त्याने चौकीकडे निघाला. आणि मग जे झालं ते मी दारातून डोळ्यांनी पाहिलं. सगळ्या शहरात त्या रंगांची चिंधी काढायची बंदी होती, आणि आमच्या पेठेतून ते तिन्ही रंग खाकी कपड्यातल्या माणसाच्या खांद्यावर उन्हात चमकत चालले होते. दारं किलकिली झाली. माग थांबले. विणकराच्या म्हाताऱ्या आईने उंबऱ्यातूनच हात जोडले. आधी हवालदाराला वाटलं, आपल्यालाच जोडले. त्याने मान हलवली. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो डबा पोटाशी धरून पळत परत आला.

"घ्या की तुमचा डबा," तो धापा टाकत म्हणाला. "तितं गोरं उबं हाईत. माजीच वरात काडतील."

डबा परत आला, पण गोष्ट कचेरीत पोचायची ती पोचलीच. हेडकारकुनाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली आणि मामांची माढ्याला बदली झाली. मामीने मनातलं मोठं बिऱ्हाड मोडलं आणि डबे आदळत पोत्यात भरले. स्टेशनवर पेठेतली मंडळी हार घेऊन आली तेव्हा मामा घाबरून डब्यांच्या पोत्यामागे गेले. "मी देशासाठी काही केलेलं नाही," ते तिथूनच म्हणाले. "खळ चांगली होती." मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी हार माझ्याच गळ्यात घालून घेतला.

पुढे ते थकले तेव्हा मी माढ्याला त्यांना भेटायला गेलो. तुरीचा डबा खाटेशेजारीच होता. रंग विटून पांढरा कुठला आणि हिरवा कुठला हे सांगणं अवघड झालं होतं, आणि लाल पट्ट्याची एक कड उचलली गेली होती. मी धीर करून विचारलं, "मामा, खरं सांगा. पतंगांत पिवळे, निळे कागदही होते. हेच तीन का लावलेत?"

त्यांनी सवयीने आधी दाराकडे पाहिलं. तिथे खळीची वाटी घेऊन मामी उभी होती. तिने वाटी माझ्यापुढे ठेवली आणि ती खाटेशी बसली. मामांनी मला उचललेली कड दाखवली. मी बोटाने खळ लावली आणि कागद दाबला.

"हात काढू नकोस," ते म्हणाले. "वाळू दे."

आणि मी नीट दाबतो की नाही याचा भरवसा नसल्यासारखा त्यांनी स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला. तो उलथनं धरलं त्या दिवशीसारखाच कापत होता. खळ केव्हाच वाळली असेल, पण मी हात काढला नाही.