बाबांनी कापलेला सिनेमा

पुण्याच्या बसमध्ये बसवून देताना बाबा खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "कोणी विचारलं तं सांग, बाबा नोकरीत हायेत. टॉकीजचं काढू नको." मी मान डोलावली. खरं सांगते, मला हायसंच वाटलं.

वर्ध्याकडचे तुम्ही सगळं जाणता, इकडच्यांसाठी सांगते. बाबा आमच्या गावच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे मशीनवर सिनेमा चालवणारे. मी बारावीत असताना 'तो' सिनेमा आला. खून, रहस्य आणि नको ते. पोस्टर बघूनच राज्यभर मोर्चे निघाले, आमच्या गावातही. गावात तमाशा नको म्हणून बाबांनी नको त्या दृश्याची फिल्मची पट्टी कात्रीनं कापली. तरी गल्लीतल्या बायकांनी आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, आणि ज्यांनी हौसेनं तिकीट काढलं ते फसवलं म्हणून बाबांनाच शिव्या देत गेले.

हडपसरला सतरा वर्षं मी 'नोकरी'च सांगत आले. टीम लीड झाले, फ्लॅट घेतला, बोलण्यातलं 'काहून' जाऊन 'का' आलं. बाबा दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा शेजाऱ्यांपुढे मी त्यांना फार बोलू दिलं नाही. त्यांना ते कळलं असणार.

परवा रविवारी दुपारी माझ्या शनिवार पेठेतल्या मैत्रिणीनं, मुग्धानं, लॅपटॉपवर नेमका तोच सिनेमा लावला. तर मंडळी, सिनेमा बदनाम झाला तितका वाईट नाही आणि तितका चटपटीतही नाही. ज्यावरून गहजब झाला ते जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, तेही अर्ध्या अंधारात. "एवढ्यासाठी मोर्चा?" मुग्धा म्हणाली. "आमच्याकडे नळाला पाणी नाही आलं तरी याहून जास्त माणसं जमतात." पण रहस्य पक्कं आहे, शेवटपर्यंत जीव टांगणीला लागतो. आणि खून कोणी केला ते कळतं नेमकं त्या दोन मिनिटांत, बाबांनी कापलेल्या. म्हणजे अख्ख्या गावानं सिनेमा पाहिला आणि खुनी कोण ते कोणालाच कळलं नाही.

मी हसत सुटले, मग रडायलाच लागले. म्हटलं, हा सिनेमा आमच्या गावात माझ्या बाबांनी चालवला. मुग्धा शांतपणे म्हणाली, "मग इतकी वर्षं लपवलंस कशाला? आम्ही काय फुकट पास मागितले असते?"

लगेच घरी फोन लावला. "बाबा, तुम्ही तर खुनीच कापला."

"मले काय माहीत? आधी चालवून पाहताना ते सुरू झालं तशी मी मान खाली घातली. गाणं थांबेपर्यंतची पट्टी कापून टाकली." मग हळूच म्हणाले, "कोण होता गं? नाही, राहू दे. पाहूनच घेतो."

दिवाळीनंतर येताहेत. सिनेमा ऑपरेटर येताहेत, असं मी शेजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आम्ही दोघं सोबत बसून पाहू. ती दोन मिनिटं आली की मी पाणी आणायला उठणार आणि बाबा चष्मा पुसत बसणार, त्यामुळे खुनी बहुतेक पुन्हा निसटेल. निसटू दे. माझे बाबा माझ्या घरी असतील.