चावीवाल्या काकांनी तोंड बंद ठेवलं

आमच्या कॉलनीत दोन घरफोड्या झाल्या, त्या माझ्यामुळे. म्हणजे घरं मी फोडली नाहीत. मी फक्त साप्ताहिकात लेख लिहिला. बिल्डरनं सगळ्या दारांना बसवलेलं पितळी कुलूप किती कच्चं आहे आणि ते वीस सेकंदांत कसं उघडतं, हे मी आकृतीसकट छापून आणलं. आकृती इतकी सुबक आली होती, की चोरालाही कौतुक वाटलं असावं.

ही विद्या चावीवाल्या काकांची. फाटकाजवळच्या जिन्याखाली एक टेबल, दोन कानशी आणि चाव्यांचे घोस घेऊन ते तीस वर्षं बसतात. त्यांचा एक नियम. कुठलं कुलूप कच्चं आहे, हे विचारेल त्याला सांगायचं. ते उघडायचं कसं, हे मात्र सहा महिने शेजारी बसून चाव्या घासणाऱ्यालाच दाखवायचं. मी सहा महिने घासल्या. सातव्या महिन्यात लेख लिहिला.

"अरे शहाण्या," काका म्हणाले, "कच्चं आहे एवढंच लिहिलं असतंस, तर लोकांनी कुलपं बदलली असती. तू चोरांची शिकवणी घेतलीस, तीही फुकट!"

मला बोलायला तोंड नव्हतं. कॉलनीच्या समितीला मात्र होतं. तातडीची बैठक बसली. कुलपं बदलू या, असं एक आजोबा म्हणाले. त्यांना खर्चाचा आकडा सांगून खाली बसवण्यात आलं. मग कुलपांऐवजी काकांनाच गप्प करायचं ठरलं. ते स्वस्त पडत होतं.

अध्यक्षांनी कागद पुढे केला. "सही करा. कुलपांबद्दल कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. नाहीतर जिन्याखालची जागा सोडा."

"साहेब, कच्चं कुठलं एवढं तरी सांगू द्या. लोक बेसावध राहतील."

"लोकांना कळलं की लोक घाबरतात. शिवाय चोरांनाही कळतं."

"चोरांना कळलंय, साहेब. छापून आलंय."

"म्हणूनच तर बंदी!"

काकू गेल्यापासून काकांचा दिवस त्या जिन्याखालीच उगवतो आणि तिथंच मावळतो. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका नवं कुलूप घेऊन आल्या. "काका, बरं आहे का हो हे?" काकांनी ते उलटंसुलटं केलं आणि चहात माशी दिसावी तसं तोंड केलं. बाई आल्या पावली दुकानात गेल्या. दुसरं आणलं, तेव्हा काकांच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. बाईंनी तेच दाराला बसवलं. महिन्याभरात निम्म्या कॉलनीनं काकांचा चेहरा बघून कुलपं बदलली. समितीनं चेहऱ्यावरही बंदी घालून पाहिली, पण मसुद्यात 'नाक मुरडणे' आणि 'शिंक येणे' यांतला फरक कसा लिहावा, यावर एकमत होईना.

शेवटी भर दुपारी, फाटकाजवळ कुणी नसताना, अध्यक्षच पुडकं घेऊन आले. "बोला हो, मी काय परका आहे?"

"कागदावर सगळ्यांना एकच नियम आहे, साहेब."

अध्यक्षांनी निमूटपणे पुडकं सोडलं आणि काकांच्या नाकाकडे बघत उभे राहिले. त्यानंतर जागेचा विषय कुणी काढला नाही.

काकांनी माझ्याकडे एकच मागणं मागितलं. उघडायची रीत छापायला त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढ्या दोन ओळी छापून आणायच्या. संपादक म्हणतात, "कुलपांचा विषय सध्या नको, नाजूक आहे." दर शनिवारी काका अंक शेवटच्या पानापर्यंत चाळतात आणि घडी घालून टेबलाखाली ठेवतात. मला विचारत काहीच नाहीत. त्या दोन ओळी अजून माझ्याकडे लागतात.