माळ्यावरची बाई

ओल्या भिंतीवर घाईने दिलेल्या रंगाचा वास मला अजून ओळखता येतो: वर चुना, आत चिखल. सावित्रीचा पूर ओसरला की महाडची बाजारपेठ तो वास अंगावर चढवते आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने गिऱ्हाइकांची वाट पाहते. आमच्या घरानेही तेच केले. गेल्या मोठ्या पुरात मी आणि नवरा पुण्याला अडकलो होतो. सासूबाई एकट्या, रात्रभर माळ्यावर. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, "पितळेची भांडी वाचली."

पुढे त्याच घरात, एका रविवारी दुपारी खिडक्या लावून, मी माझा लाडका भयपट लावला. तो कुणा नवख्याने उसन्या कॅमेऱ्यावर केलेला. तो नवखा, त्याची आई आणि मी, एवढेच त्याचे रसिक असावेत. भूत नाही, रक्त नाही. एक बाई, एक बंद घर आणि भिंतीवर रोज बोटभर चढणारी ओल, जी दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. मी त्याला 'मनाच्या तळघरातले भय' म्हणत असे. कवितेच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग. घरातल्या एका माणसाला तरी तो भिडावा, इतकीच माझी इच्छा होती.

"खून केव्हा आहे?" नवऱ्याने विचारले.

"नाहीये."

"म्हणजे आपण ओल बघतोय? अगं, ती आपल्या मोरीत फुकट आहे." तो दुकान उघडायला निघून गेला.

सासूबाई मात्र वाल सोलत बसून राहिल्या. दासगावचे माहेर त्यांच्या जिभेवर शाबूत आहे. पडद्यावरच्या बाईवर त्या ओरडल्या, "रडतेस काय गो बये? सामान माळ्यावर टाक आधी! पीठ, गॅस, कागदं!"

"आई, ते पाणी तिच्या मनातलं आहे."

"मनातलं असू दे नायतर सावित्रीचं, पीठ भिजायचं र्‍हात नाय."

मी रसिकतेला मनोमन मूठमाती दिली.

शेवटी ती बाई माळ्याच्या शिडीवर जाऊन बसते. दिवा विझतो. काळ्या पडद्यावर नुसते पाणी वाजत राहते, खूप वेळ. कुणी येत नाही. जाणकार याला धाडस म्हणतात, आमच्याकडे लाइट गेली म्हणतात. आता कोणता टोमणा येणार याची वाट पाहताना लक्षात आले, वाल सोलण्याचा आवाज केव्हाच थांबला होता. मी बंद करायला उठले, तशी वालाच्या पाण्याने गारठलेली बोटे माझ्या मनगटाभोवती घट्ट आवळली गेली.

"थांब."